यादीपासून कामापर्यंत: एका पाड्याच्या पाण्यावर गावकारभाऱ्यांना नियोजन शिकवताना

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, डोंगर गुजरातकडे उतरत जातात त्या पट्ट्यातली ही ग्रामपंचायत. एक गावठाण, चार पाडे, लोकसंख्या दोन हजारांच्या आसपास. वस्ती मुख्यतः कोकणा आणि महादेव कोळी. तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, त्यामुळे पेसा (अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला जादा अधिकार देणारा कायदा) लागू. गावाचं नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील थोडे इकडेतिकडे केले आहेत.

इथे पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तरीही एप्रिलात टँकर लागतो. काळा बेसॉल्ट, वर हातभर माती आणि तीव्र उतार. पडलेलं पाणी पार, नार, दमणगंगेच्या खोऱ्यांतून अरबी समुद्राकडे निघून जातं. भात, नागली, वरई ही पावसाळ्यातली पिकं. भात घरात आलं की निम्मा पाडा दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतो, तो होळीला वर येतो. होळी हा इथला मोठा सण, दिवाळीपेक्षाही मोठा. ही ये-जा लक्षात ठेवावी, कारण पुढचे बरेच निर्णय तिच्याभोवती फिरले.

२०१५-१६ पासून राज्यात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने प्रत्येक ग्रामपंचायतीला दरवर्षी आपला आराखडा करावा लागतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीकडे यायचा. २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे निम्मा पाण्यावर आणि निम्मा स्वच्छतेवर खर्च करायचा, आणि ४० टक्के अबंधित. या गावाला वर्षाला साधारण ११ लाख यायचे. आराखडा ग्रामसभेने ठरवायचा असतो. इथे मात्र भाऊसाहेब (ग्रामसेवकाला सगळीकडे हेच म्हणतात) आणि संगणकावर बसणारा मुलगा मागच्या वर्षीची यादी काढून, आकडे बदलून ती ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर चढवत. ग्रामसभेत ती वाचली जाई आणि सह्या होत.

२०२२ मध्ये एका सामाजिक संस्थेने इथे ‘गावकारभाऱ्यांसाठी प्रकल्प नियोजन’ असा उपक्रम घेतला. एकूण २४ जण: सरपंच (महिला, पहिल्यांदाच निवडून आलेल्या), सदस्य, ‘उमेद’ या सरकारी अभियानाच्या ग्रामसंघातल्या (बचत गटांच्या गावपातळीवरच्या संघातल्या) बाया, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचे लोक, पेसा मोबिलायझर (पेसाच्या कामासाठी गावात नेमलेली कार्यकर्ती), दोन आशाताई. प्रशिक्षक गटात तिघे होते. माझ्याकडे नोंदी ठेवण्याचं काम होतं, त्यामुळे बोलण्यापेक्षा ऐकणं जास्त झालं.

अडचण

पहिली कार्यशाळा तालुक्याच्या सभागृहात, दोन दिवस निवासी, ऑगस्टच्या सुरुवातीला. आवणी (भाताची लावणी) अजून उरकली नव्हती. तरी १९ जण आले, कारण सरपंचताईंनी घरोघर सांगितलं होतं. समस्या-वृक्ष काढला, उद्दिष्टं लिहिली, लॉगफ्रेमचा (उद्दिष्ट, कामं आणि निष्पत्ती एकाखाली एक मांडण्याचा) तक्ता भरला, कामांच्या पट्ट्यांचं वेळापत्रक रंगीत खडूने काढलं. शेवटी अभिप्रायाच्या कागदावर सगळ्यांनी ‘उत्तम’वर खूण केली. अशा कागदावर गावातला माणूस दुसरीकडे खूण करत नाही. त्याला जेवायला घातलेलं असतं.

महिन्याभराने गावात बसून आराखडा लिहायला घेतला तेव्हा ३१ कामांची यादी झाली. बेरीज १ कोटी ८० लाखांच्या पुढे. त्यात सभामंडप होता, चार काँक्रीट रस्ते होते, स्मशानभूमीचं शेड होतं, प्रत्येक पाड्याला पाण्याची टाकी होती, व्यायामशाळासुद्धा होती. कार्यशाळेत शिकवलेला वेळापत्रकाचा तक्ता इमानदारीने जोडलेला होता, आणि त्यात ३१ च्या ३१ कामांपुढे एकच लिहिलेलं: सुरुवात १ एप्रिल, शेवट ३१ मार्च.

प्रशिक्षक गटाचं पहिलं निदान असं झालं की लोकांना संकल्पना कळलेली नाही, उजळणी घ्यावी. हे निदान टिकलं नाही. त्याच २४ जणांत एक मुकादम होता. तो दरवर्षी ४० माणसं बागेत नेतो. कोणत्या बागेची छाटणी कधी, कोणाला किती उचल द्यायची, गाडी कुठून, लहान पोरं कोणाकडे ठेवायची, पाऊस लागून काम थांबलं तर दिवस कोणाच्या अंगावर, हे सगळं त्याच्या डोक्यात महिनाभर आधी मांडलेलं असतं. अशा माणसाने ‘१ एप्रिल ते ३१ मार्च’ लिहिलं, तर त्याला नियोजन येत नाही असं म्हणणं अवघड आहे.

त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “बागेचं काम माझं आहे. हे पंचायतीचं. आपण मागायचं, द्यायचं का नाही ते वरचे बघतील.”

हा सरळ हिशोब होता. आजवर ३१ मागितली तर दोन मिळत. कोणती दोन, ते तालुक्याला ठरे. मग जास्त मागण्यात तोटा काहीच नाही, आणि तारखा विचारपूर्वक घालण्यात फायदाही नाही. आराखडा म्हणजे अर्ज, असा सगळ्यांचा अनुभव होता. कौशल्य नव्हतं असं नाही, आपण लिहिलेलं खरंच होईल यावर भरवसा नव्हता. तो तक्त्याने येणार नव्हता.

कोणते पर्याय होते

संस्थेकडे तीन रस्ते होते. ठरल्याप्रमाणे उरलेली सत्रं घ्यायची. देणगीदाराला दिलेल्या प्रस्तावात तसंच होतं आणि अहवालही सोपा झाला असता. दुसरा, जाणकार सल्लागार आणून गावाचा चांगला आराखडा करून द्यायचा. तालुक्यात असे आराखडे झाले आहेत. दिसायला सुंदर, आणि पुढच्या वर्षी ते उघडायलाही कोणी नसतं. तिसरा, सत्रं थांबवून एकच काम निवडायचं आणि ते पूर्ण होईपर्यंत त्याच्याबरोबर चालायचं; शिकवायचं ते त्या कामात अडेल तसं.

तिसऱ्याला संस्थेतच विरोध होता. २४ जणांना सहा सत्रं, असा आकडा प्रस्तावात होता आणि ‘एक टाकी’ हा काही प्रशिक्षणाचा निकाल नाही, असं कार्यालयाचं म्हणणं. मला तो विरोध अगदीच चुकीचा वाटला नव्हता. काम रखडलं असतं तर लोक पुन्हा तेच शिकले असते: ठरवून काही होत नाही. शेवटी देणगीदाराशी बोलून सत्रांची संख्या तीच ठेवली, जागा आणि विषय मोकळे केले. सत्रं आता पाड्यावर, संध्याकाळी, जेवणं झाल्यावर.

कोणतं काम

इथे पहिली खरी ओढाताण झाली. सरपंचताईंनी निवडणुकीत गावठाणाला सभामंडपाचा शब्द दिला होता. ग्रामसंघातल्या बायांना वरच्या पाड्याचं पाणी हवं होतं. तरुण सदस्यांना रस्ता.

प्रशिक्षकांनी कोणाची बाजू घेतली नाही, पण दोन अटी घातल्या: पैसा ग्रामपंचायतीच्या हातातला असला पाहिजे, आणि काम एका वर्षाच्या पैशात पुरं झालं पाहिजे. माझ्या मते या अटी घालणं म्हणजेच बाजू घेणं होतं. सभामंडपाचा पैसा आमदार निधीतून यायचा होता, तो पहिल्या अटीत गळला; रस्ता दुसऱ्या अटीत. हे लोकांच्या लक्षात आलं नाही असं नाही. एका सदस्याने तोंडावर म्हटलं, “निवड आमची, चाळणी तुमची.” यावर प्रशिक्षकाने मान्य केलं, की हो, चाळणी आमची आहे, कारण पहिलं काम पडू नये. भांडण तिथेच मिटलं. लपवाछपवी झाली असती तर मिटलं नसतं.

वरच्या पाड्यात ४२ घरं, २३० च्या आसपास माणसं. गावठाणासाठी जलजीवन मिशनची (घरोघरी नळाने पाणी देण्याच्या सरकारी कार्यक्रमाची) योजना मंजूर होती, पण पाडा उंचावर असल्याने तिचं पाणी तिथे चढणार नव्हतं. पाड्याला दोन झरे. एक खाली ओहळात, पाणी बऱ्यापैकी, पण वर उचलावं लागणार, म्हणजे सौर पंप. दुसरा पाड्याच्या वर, कड्याखाली, धार बारीक, पण पाणी उताराने आपोआप खाली येईल. इंजिनीअर साहेबांचा कल सौर पंपाकडे होता. ग्रामसंघाच्या अध्यक्षांनी शेजारच्या गावातला पंप दाखवला: दोन वर्षांपासून बंद, दुरुस्तीवाला नाशिकहून येतो, आणि येत नाही. वरचा झरा ठरला, आणि जानेवारी २०२३ च्या ग्रामसभेत काम २०२३-२४ च्या आराखड्यात गेलं.

बादली आणि घड्याळ

ठोकताळ्याने केलेल्या अंदाजपत्रकात २०,००० लिटरची आरसीसी टाकी, झऱ्याचं बांधकाम आणि ९०० मीटर पाइप मिळून ४ लाख ९० हजार दाखवले होते. पाण्याच्या बंधित निधीत वर्षाला साधारण ३ लाख ३० हजार. म्हणजे काम दोन वर्षांवर जाणार, आणि अट मोडणार.

मे २०२३ मध्ये, झरा सगळ्यात बारीक असताना, प्रशिक्षणातल्या सहा बाया आणि मुकादम वर गेले. १५ लिटरची बादली, मोबाइलचं घड्याळ. धार एका पन्हाळीत धरली. बादली भरायला अडीच मिनिटं. तीन वेळा मोजलं, पाच-सात सेकंदांचा फरक.

मग जमिनीवर काटकीने हिशोब सुरू झाला. प्रशिक्षक लिटरमध्ये बोलत होता, बाया बादल्यांमध्ये, आणि बादल्यांचा हिशोब पुढे गेला. तासाला २४ बादल्या. दिवसरात्र मिळून ५७६. घरं ४२, म्हणजे घराला तेरा-चौदा बादल्या. लिटरमध्ये दिवसाला ८,६४० आणि माणशी ३७ च्या आसपास. जलजीवनचा निकष माणशी ५५ लिटरचा आहे, तो इथे बसत नव्हता. पण त्या वेळी पाड्यातलं घर चार-पाच हंड्यांवर दिवस काढत होतं, आणि रात्री झऱ्यावर नंबर लावत होतं.

इतक्यात एक जण म्हणाली, “गुरं कुठे धरली?”

कोणीच धरली नव्हती. पाड्यात साठेक गुरं. जनावरामागे ४० लिटर धरले तरी २,४०० लिटर गेले, आणि माणसाच्या वाट्याला २७ उरले. अर्धा तास वाद झाला आणि ठरलं: गुरं खालच्या ओहळावरच न्यायची, या पाण्याला जनावर लावायचं नाही. पुढे चालून हा नियम सगळ्यात जास्त पाळला गेला. मला वाटतं त्याचं कारण, तो कोणी लादला नव्हता. हिशोबातून समोर आला होता.

दुसरी गोष्ट त्याच काटकीतून निघाली. दिवसभरात झराच ८,६४० लिटर देतो, तर २०,००० ची टाकी उन्हाळ्यात भरणार कधी? रात्रीचं पाणी वाया जाऊ नये एवढीच टाकीची गरज. १०,००० लिटर पुरे. हा हिशोब वहीत लिहून चौघे शाखा अभियंत्यांकडे गेले. त्यांनी आधी नेहमीच्या टाकीचा नकाशाच बरा असं सांगितलं, मग वही पाहिली आणि अंदाजपत्रक नव्याने केलं: ३ लाख २० हजार. वर्षाच्या पैशात बसलं.

प्रशिक्षण म्हणून पाहिलं तर सगळ्या उपक्रमातला सगळ्यात मोलाचा दिवस हा होता, आणि तो मूळ अभ्यासक्रमात नव्हता.

‘अडणार कुठे?’

वेळापत्रकासाठी पट्ट्यांचा तक्ता पुन्हा काढला नाही. अंगणात राखेने वर्षाची रेघ ओढली आणि तिच्यावर लोकांचे महिने मांडले: राब भाजणी (भाताच्या रोपांची जागा पालापाचोळा जाळून तयार करणं), पेरा, आवणी, भात कापणी, बागेला जाणं, होळी, आखाजी (अक्षय्य तृतीया). मग एकच प्रश्न, पुन्हा पुन्हा: हे काम अडणार कुठे, आणि कोणामुळे?

चर खोदायला माणसं लागणार, आणि ती होळी ते आखाजी एवढ्याच काळात गावात असतात. मग होळीपासून मागे मोजायचं. पाइप आणि सिमेंट त्याआधी वर पोचलं पाहिजे. त्याआधी दरपत्रकं, कार्यारंभ आदेश. त्याआधी तांत्रिक मान्यता. इथवर सगळं नीट आलं आणि रेघ पूर्ण झाली असं वाटलं. तेव्हा भिंतीला टेकून बसलेले एक म्हातारे बाबा म्हणाले, “झरा फॉरेस्टात आहे.”

तोवर ही गोष्ट कोणी उच्चारलीच नव्हती. पाड्यातल्या सगळ्यांना ती माहीत होती; इतकी, की सांगण्यासारखी वाटली नाही. इंजिनीअर साहेबांना माहीत नव्हती.

वन हक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार पिण्याच्या पाण्यासारख्या गावाच्या सोयींसाठी वनजमीन देता येते: क्षेत्र एक हेक्टरच्या आत, झाडतोड हेक्टरी ७५ च्या वर नाही, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. आपल्या कामाला तर गुंठाभर जागा आणि एकही झाड नाही. पण प्रस्ताव ग्रामसभेतून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांमार्फत उपवनसंरक्षकांकडे जायचा, आणि त्याला किती दिवस लागतील हे रेघेवर कोणाला मांडता येईना. मुकादम म्हणाला, सहा महिने धरा. प्रशिक्षकांना ते जास्त वाटलं. ऑगस्टमध्ये पाठवलेला प्रस्ताव फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर होऊन आला.

आणखी एक फाटा फुटला. तालुक्याच्या कागदावर हा पाडा जलजीवनच्या योजनेत ‘समाविष्ट’ दिसत होता, त्यामुळे दुबार काम म्हणून हरकत आली. पाड्याला त्या योजनेचं पाणी पोचणार नाही असं पाणीपुरवठा विभागाचं पत्र मिळवायला दोन महिने गेले. ही धावपळ सरपंचताई आणि पेसा मोबिलायझरने केली. सरपंचताई तोवर तालुक्याला एकट्या जात नसत. घरचं कोणीतरी बरोबर असे. पत्रासाठी तिसऱ्या खेपेला त्या मोबिलायझर मुलीला घेऊन गेल्या, आणि पुढे तसंच चाललं.

रोहयोतून (रोजगार हमी योजनेतून) चर खोदायचा विचारही झाला होता. मजुरी तिथून मिळाली असती तर बंधित निधी वाचला असता. पण मागणी, हजेरीपट, वेगळी मान्यता, म्हणजे आणखी एका टेबलाची वाट पाहणं. गटाने तो पर्याय सोडला. पैसे वाचवण्यापेक्षा टेबलं वाचवणं त्यांना महत्त्वाचं वाटलं, आणि त्या परिस्थितीत ते बरोबर होतं.

मार्च २०२४: होळीची वाट पाहायची की नाही

कार्यारंभ आदेश मार्चच्या पहिल्या आठवड्यात निघाला. सामान पाड्याच्या पायथ्याशी आलं. होळी २४ तारखेला. माणसं आली की काम, असं ठरलेलं.

मग भाऊसाहेबांनी सांगितलं की लोकसभेची आचारसंहिता कधीही लागेल. आदेश निघालेला असला तरी जागेवर प्रत्यक्ष सुरू न झालेलं काम आचारसंहितेत सुरू करता येत नाही. मतदान मेमध्ये, मोकळीक जूनमध्ये, आणि जूनमध्ये पाऊस. म्हणजे काम आखाजीच्याही पलीकडे, थेट पुढच्या होळीवर.

पाड्यात त्या वेळी म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि काही बाया एवढ्याच होत्या. त्याच संध्याकाळी बैठक बसली. प्रशिक्षकांपैकी कोणी तिथे नव्हतं. नंतर फोनवर कळवलं गेलं. दोन मतं होती. एक, माणसं नाहीत, घाईत झऱ्याचं तोंड बिघडलं तर पाणी दुसरीकडे फुटेल, थांबू. दुसरं, झऱ्याला हात न लावता खालची टाकीची जागा खोदायला घ्यायची, ते चुकलं तरी बिघडत नाही. दुसरं मत ग्रामसंघाच्या अध्यक्षांचं. दोन दिवसांत टाकीच्या पायाचं खोदकाम सुरू झालं, भाऊसाहेबांनी जागेवरचे फोटो तारखेसह नोंदवले. १६ मार्चला आचारसंहिता लागली. काम चालू म्हणून नोंदलं गेलेलं होतं.

होळीनंतर माणसं आली, चर झाले, पाइप पडला. झऱ्याचं बांधकाम शेवटी, हलक्या हाताने. मेच्या मध्यात पाड्यातल्या चार नळकोंडाळ्यांवर पाणी आलं.

निष्पन्न

पाणी आलं, पण सारखं नाही. खालच्या दोन कोंडाळ्यांना जोर, वरच्या दोनांना धार बारीक. पाइप टाकताना एके ठिकाणी खडक लागला आणि लाइन वळवली, तिथे हवा अडते. व्हॉल्व्ह बसवायचं दोनदा ठरलं, हे लिहीपर्यंत बसलेला नाही. चावी एका बाईकडे असते, सकाळ-संध्याकाळ पाणी सुटतं, घरामागे महिन्याला ३० रुपये जमतात. बागेला गेलेली घरं त्या महिन्यांचे देत नाहीत, आणि ते सगळ्यांना मान्य आहे.

गवंडी आणि पाइपवाल्याचं बिल जुलैपर्यंत अडकलं, कारण शाखा अभियंते निवडणुकीच्या कामावर होते आणि मोजमाप पुस्तिकेत नोंद व्हायला वेळ लागला. गवंडी त्याच पाड्याचा. त्याने पुन्हा पंचायतीचं काम घेणार नाही असं सांगितलं आहे.

२०२५ चा उन्हाळा ही खरी कसोटी ठरणार होती, पण त्या वर्षी मेमध्येच पाऊस सुरू झाला. झरा कडक उन्हाळ्यात किती टिकतो ते त्यामुळे नीट कळलं नाही. टँकर लागला नाही, एवढंच म्हणता येईल.

माणसांचं काय झालं? २४ पैकी नऊ जण शेवटपर्यंत राहिले, त्यातल्या सहा बाया. तरुण सदस्य रस्ता गळल्यावर हळूहळू यायचे थांबले. पण पुढच्या आराखड्याची यादी १२ कामांची होती. त्यातल्या पाच कामांपुढे जागा कोणाची, पैसा कुठला आणि कोणाची परवानगी लागेल, हे लिहिलेलं होतं. बाकी सातांपुढे जुनंच ‘१ एप्रिल ते ३१ मार्च’. अंगणवाडीच्या कुंपणाचं काम या गटाने संस्थेला न विचारता स्वतः मांडून पूर्ण केलं. त्यात फाटकाचा खर्च धरायचा राहिला आणि दोन महिने फाटकाऐवजी बाभळीच्या फांद्या होत्या.

जखमही एक राहिली. पलीकडच्या पाड्यालाही पाणी नव्हतं. निवड झाली तेव्हा त्या पाड्यातली एकच व्यक्ती प्रशिक्षणात होती आणि ती त्या संध्याकाळी आली नव्हती. पंचायतीने आपल्याला डावललं, असं तिथले लोक ग्रामसभेत उघड म्हणतात.

वेगळं काय करता आलं असतं

शाखा अभियंता आणि ग्रामसेवक पहिल्या दिवसापासून बैठकीत हवे होते. त्यांना ‘अधिकारी’ म्हणून उद्घाटनाला बोलावलं गेलं, शिकणाऱ्यांत बसवलं गेलं नाही. जलजीवनच्या हरकतीची आणि आचारसंहितेची, दोन्ही माहिती भाऊसाहेबांकडे होती. दुसरी ऐनवेळी कळली म्हणून निभावलं, पहिलीने दोन महिने खाल्ले.

मोजणी मेमध्येच होऊ शकते, तर उपक्रमाची सुरुवात मेमध्ये व्हायला हवी होती. ऑगस्टमध्ये सुरू केल्यामुळे एक पूर्ण उन्हाळा हातचा गेला. आणि आवणीच्या दिवसांत बसवलेल्या बाईचा रोज बुडतो, तो कोणी भरून दिला नव्हता. पुढच्या प्रस्तावात शिकणाऱ्यांची बुडालेली मजुरी खर्चात धरावी, अशी शिफारस झाली. देणगीदाराने ती अर्धी मान्य केली.

प्रत्येक पाड्यातून किमान दोघं, आणि एखाद्याही पाड्याचं माणूस आलेलं नसेल तर त्या दिवशी निवड नाही, असा नियम सुरुवातीलाच करता आला असता. दोन्ही पाड्यांचे झरे एकाच आठवड्यात मोजले असते तर निदान ‘आमच्याकडे पाहिलंच नाही’ हे तरी ऐकावं लागलं नसतं. मोजायला एक बादली आणि एक सकाळ लागते.

झऱ्याच्या वरच्या उतारावर पाणी मुरवण्याचे चर घ्यायचा मुद्दा दोन वेळा निघाला आणि दोन्ही वेळा ‘आधी टाकी’ म्हणून मागे पडला. टाकी दिसते, चर दिसत नाहीत. तिथेही जमीन वनखात्याचीच, म्हणजे पुन्हा तीच परवानगी. पहिल्याच प्रस्तावात दोन्ही कामं घातली असती तर सहा महिन्यांची वाट एकदाच पाहावी लागली असती. हा माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महाग पडलेला निर्णय आहे, आणि त्याची किंमत अजून पुरती कळलेली नाही.

लॉगफ्रेमबद्दल संस्थेत दोन मतं राहिली. माझं मत असं की तो तक्ता प्रशिक्षकांनी आपल्याकडे भरावा, गावाला भरायला लावू नये. दुसरं मत असं की पुढे मोठा निधी मागायचा तर गावाला ती भाषा यावीच लागेल. मुकादम या वादात पडला नाही. तो आता अंगणवाडीच्या फाटकाचं आणि पाण्याचं, दोन्ही हिशोब बागेच्याच वहीत ठेवतो.

पलीकडच्या पाड्याचा झरा अखेर मोजला गेला: बादलीला चार मिनिटं, घरं २९, हिशोबाने घराला बाराच्या वर बादल्या. काम पुढच्या आराखड्याच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आहे आणि वन विभागाकडचा प्रस्ताव या वेळी मुरवण्याच्या चरांसकट गेला आहे.